लष्करी विमान यादीत आहे, नकाशावर नाही: अडचण कुठे आहे ते कसे शोधायचे

विमानांचे रेडिओसंदेश ऐकून ती नकाशावर पाहण्यासाठी घरी १०९० मेगाहर्ट्झचा रिसीव्हर लावणाऱ्यांची एक तक्रार कधीच संपत नाही. टायफून हे लढाऊ विमान डोक्यावरून गर्जत जाते, खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि नकाशावर त्या जागी काहीच नसते. मग अँटेना बदलली जाते, महागडी केबल येते, नवा डोंगल, म्हणजे यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ, येतो. पुढच्या आठवड्यात तक्रार तशीच उभी असते, कारण बहुतेक वेळा दोष छपरावर नसतो. विमान काय पाठवते आहे आणि त्यातले किती तुमच्यापर्यंत पोहोचते, हे आधी पाहायला हवे. ते पाहायला दहा मिनिटे लागतात आणि पैसे लागत नाहीत.

इथली उदाहरणे प्रामुख्याने ब्रिटनमधली आहेत. लिंकनशरमधला कॉनिंग्सबी आणि स्कॉटलंडमधला लॉसीमाउथ हे टायफूनचे तळ, तर ब्राइझ नॉर्टन हा वाहतूक विमानांचा. जर्मनीत किंवा अमेरिकेत राहणाऱ्यांनाही तपासणीचा हाच क्रम लागू पडतो. भारतातली परिस्थिती वेगळी आहे, तिच्याबद्दल पुढे लिहिले आहे. सॉफ्टवेअर म्हणून संदेश उलगडणारे रीडएसबी आणि नकाशा दाखवणारे टार१०९० ही जोडी गृहीत धरली आहे. डम्प१०९० वापरणाऱ्यांना नावे थोडी वेगळी दिसतील, इतकेच.

आधी यादी वाचा

टार१०९० उघडल्यावर नकाशाशेजारची यादी पूर्ण उघडा. नजरेतलीच विमाने दाखवण्याचा पर्याय चालू असेल तर बंद करा, नाहीतर ज्यांची जागा कळलेली नाही अशा ओळी लपतात आणि सगळी तपासणी फसते. वरच्या बटणांपैकी ‘यू’ दाबले की लष्करी अशी नोंद असलेली विमानेच उरतात. आता विमान जाताना त्याची ओळ शोधा आणि तिच्यात काय भरले आहे ते पाहा: सहा अंकाक्षरांचा पत्ता, उंची, चार आकडी स्क्वॉक (नियंत्रकासाठी विमानात लावलेला कोड), सिग्नलची ताकद, संदेशांची संख्या आणि माहितीचा स्रोत.

ब्रिटिश लष्करी विमानांचे पत्ते ४३सी ने सुरू होतात. अमेरिकी लष्कराचे बहुतेक पत्ते एई ने सुरू होतात. ओळ आहे, उंची येते आहे, संदेश दर सेकंदाला वाढत आहेत, पण स्रोताच्या जागी ‘मोड एस’ आहे आणि अक्षांश-रेखांश रिकामे आहेत, असे दिसले तर तुमची अँटेना ठणठणीत आहे. तिला हात लावू नका. विमानच जागा पाठवत नाही.

ओळच नसेल तर तो निराळा प्रश्न आहे. ओळ आणि जागा दोन्ही आपल्या नकाशावर आहेत पण एखाद्या मोठ्या संकेतस्थळावर नाहीत, तर तो तिसरा प्रश्न. हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले की माणूस चुकीच्या जागी खर्च करतो.

जागा का येत नाही

जमिनीवरचे रडार १०३० मेगाहर्ट्झवर विचारते आणि विमानातले उत्तर देणारे यंत्र, म्हणजे ट्रान्सपॉन्डर, १०९० वर उत्तर देतो. मोड एसच्या साध्या उत्तरात २४ बिटांचा पत्ता आणि उंची किंवा स्क्वॉक असतो. जागा नसते, कारण रडारला ती लागत नाही. आपला अँटेना कोणत्या दिशेला आहे आणि उत्तर यायला किती वेळ लागला, यावरून रडार जागा स्वतः काढते. तुमची अँटेना सगळीकडून एकसारखे ऐकते. तिला उत्तर ऐकू येते, पण ते कुठून आले हे समजत नाही.

एडीएस-बी या पद्धतीत विमान कोणी न विचारता बोलते. उपग्रहावरून मिळालेली आपली जागा सेकंदाला साधारण दोनदा आणि कॉलसाइन (उड्डाणाचे रेडिओवरचे नाव) साधारण पाच सेकंदांनी एकदा ते ११२ बिटांच्या संदेशातून पाठवते. नागरी विमान नकाशावर लगेच उमटते ते यामुळे. युरोपात ७ डिसेंबर २०२० पासून ५,७०० किलोंपेक्षा जड किंवा २५० नॉटपेक्षा वेगवान विमानांना हे बंधनकारक झाले, पण सरकारी विमानांपैकी फक्त वाहतूक प्रकारच्या विमानांचा त्यात समावेश होता, लढाऊ विमानांचा नाही. अमेरिकेत सक्ती १ जानेवारी २०२० पासून आली. त्याआधीच, जुलै २०१९ मध्ये, संवेदनशील कामगिरीवरच्या सरकारी विमानांना एडीएस-बी बंद ठेवण्याची मुभा नियमात घातली गेली. म्हणून ब्राइझ नॉर्टनचे व्हॉयेजर किंवा ए४००एम सहसा स्वच्छ दिसते, आणि कॉनिंग्सबीचे टायफून यादीत नुसती ओळ बनून राहते.

हा फरक केवळ छंदापुरता नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाजवळ अमेरिकी लष्कराचे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर आणि उतरणारे प्रवासी विमान यांची टक्कर होऊन ६७ माणसे गेली. हेलिकॉप्टरचा ट्रान्सपॉन्डर रडारला उत्तर देत होता, पण एडीएस-बी प्रक्षेपण होत नव्हते. खऱ्या कामगिरीवर गुप्तता हवी, हे मान्य. प्रवासी विमानांच्या वाटेवर होणाऱ्या सरावाच्या उड्डाणांत मात्र जागा सांगत उडायला हवे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कॉलसाइन न दिसण्याचे कारणही हेच. तो एडीएस-बीच्या संदेशात असतो, किंवा रडारने मुद्दाम मागितला तर मोड एसच्या लांब उत्तरात येतो. आसपासच्या रडारने मागितला नाही तर ती चौकट रिकामी राहणार. रिसीव्हरच्या कोणत्याही सेटिंगने ती भरत नाही.

एमलॅट: खरा उपाय आणि खऱ्या अडचणी

जागा न पाठवणाऱ्या विमानाची जागा काढायचा एकच मार्ग आपल्या हातात आहे, तो म्हणजे एमलॅट. एकच संदेश वेगवेगळ्या ठिकाणच्या रिसीव्हरांना वेगवेगळ्या क्षणी ऐकू येतो. रेडिओलहरी एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जातात, त्यामुळे हे सगळे रिसीव्हर ज्या सेवेला माहिती पाठवतात तिचा सर्व्हर वेळेच्या फरकावरून जागा काढतो. त्यासाठी साधारणपणे चार रिसीव्हरांनी तोच संदेश ऐकावा लागतो. विमानाची उंची कळत असेल तर काही वेळा तीनही पुरतात. तुम्ही एकटे कितीही चांगली अँटेना लावा, शेजारी इतर रिसीव्हर नसतील तर एमलॅट होणार नाही. लॉसीमाउथच्या उत्तरेला समुद्रावर विमान गेले की ते हरवते, याचे कारण तिथे पाण्यात रिसीव्हर नाहीत. किनाऱ्यावरचे सगळे रिसीव्हर एकाच बाजूला असल्यामुळे जागा निघालीच तरी ती शेकडो मीटर इकडेतिकडे उडते.

शेजारी असूनही एमलॅट चालत नसेल तर पुढच्या गोष्टी याच क्रमाने पाहा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या दोन गोष्टींतच बहुतेकांचा दोष सापडतो.

पहिली गोष्ट अँटेनाची जागा. खासगीपणाच्या काळजीने पुष्कळ जण अक्षांश-रेखांश तीन दशांश स्थळांपर्यंतच भरतात. अक्षांशात तिसरे स्थळ म्हणजे सुमारे १११ मीटर, म्हणजे मायक्रोसेकंदाच्या एक तृतीयांशाहून जास्त चूक. सर्व्हर अशा रिसीव्हरला वाईट घड्याळ समजून बाजूला काढतो. पाच दशांश स्थळे भरा, ती सुमारे एका मीटरपर्यंत नेमकी असतात. घर लपवायचे असेल तर फीडरच्या, म्हणजे सेवेला माहिती पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंगमध्ये एमलॅटच्या नकाशावर नाव न दाखवण्याचा पर्याय असतो, तो वापरा. उंचीही अँटेनाचीच भरा: जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची अधिक घर आणि खांब. मीटर आणि फूट यांची अदलाबदल नेहमी होते, एकक तपासून घ्या.

लिंकनशरमध्ये रेखांशाचे चिन्ह हा वेगळाच सापळा आहे. शून्य रेखांश याच परगण्यातून जातो. कॉनिंग्सबी सुमारे ०.१७ अंश पश्चिमेला आहे, म्हणजे तिथे उणे चिन्ह हवे. ते राहून गेले तर रिसीव्हर २२ किलोमीटरहून जास्त पूर्वेला सरकतो. आकडा इतका लहान असतो की चूक डोळ्यांना जाणवत नाही, आणि नकाशावर नागरी विमाने नीटच दिसतात, कारण त्यांना तुमच्या जागेची गरज नसते. टार१०९० मध्ये आपल्या अँटेनाचे चिन्ह खरोखर आपल्या छपरावर आहे का, ते पूर्ण जवळ जाऊन पाहा.

दुसरी गोष्ट वीजपुरवठा. आरटीएल डोंगल सेकंदाला २४ लाख नमुने घेतो आणि नमुन्यांची मोजणी हेच एमलॅटचे घड्याळ असते. काही नमुने गळाले की घड्याळ उडी मारते आणि शेजाऱ्यांशी जुळलेला ताल तुटतो. रिसीव्हर चालवणारा छोटा संगणक रास्पबेरी पाय ४ असेल तर त्याला ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा पुरवठा हवा, पाय ३ ला ५.१ व्होल्ट २.५ अँपिअरचा. मोबाइलचा चार्जर आणि बारीक केबल लावली की डोंगल आणि अॅम्प्लिफायर यांच्या भाराने व्होल्टेज पडते. पायच्या लॉगमध्ये कमी व्होल्टेजची सूचना एकदा जरी आढळली तरी आधी अॅडॉप्टर बदला आणि मगच पुढे जा. संगणकावर व्हर्च्युअल मशीनच्या आत डोंगल चालवल्यानेही नमुने गळतात. यूएसबी हबवर हार्ड डिस्कसोबत डोंगल लावला तरी तेच होते. अशा मांडणीत नागरी विमाने छान दिसत राहतात, म्हणून दोष महिनोन्महिने लक्षात येत नाही.

तिसरी गोष्ट माहितीचा मार्ग. एमलॅट क्लायंटला, म्हणजे सर्व्हरशी बोलणाऱ्या आपल्याकडच्या प्रोग्रॅमला, बीस्ट स्वरूपाचा प्रवाह द्यावा लागतो, म्हणजे पोर्ट ३०००५. पोर्ट ३०००३ वरच्या साध्या मजकुरात एमलॅटला लागणारे घड्याळाचे टिक नसतात, त्यामुळे तो देऊन काही होत नाही. दोन रिसीव्हरांचे प्रवाह एकत्र करून एका क्लायंटला देऊ नका. दोन घड्याळे एका नावाखाली आली की सर्व्हर त्या नावावरचा विश्वासच काढून घेतो. प्रत्येक डोंगलला स्वतःचा क्लायंट आणि स्वतःचे नाव हवे.

हे सगळे ठीक असूनही रात्री उशिरा ताल तुटतो, तेव्हा घाबरू नका. सर्व्हर दोन रिसीव्हरांची घड्याळे जुळवतो ती दोघांनाही ऐकू येणाऱ्या एडीएस-बी विमानांच्या आधाराने. पहाटे तीनला आकाशात नागरी विमाने कमी असली की तो आधारच कमी होतो. सकाळी वाहतूक सुरू झाली की आपोआप जुळते. फीडर दुरुस्त आहे की नाही हे दुपारच्या आकड्यावरून ठरवा. किती शेजाऱ्यांशी ताल जुळला आहे हे बहुतेक सेवांच्या फीडर-स्थितीच्या पानावर दिसते. डोंगलचा क्रिस्टलही तापमानाने सरकतो, म्हणून माळ्यावर पत्र्याखाली उन्हात ठेवलेला स्वस्त डोंगल दुपारी त्रास देऊ शकतो. तापमान सांभाळणारा क्रिस्टल असलेला डोंगल घ्या, किंवा आहे तो घराच्या आत आणा.

आणखी एक गोंधळ ठरलेला आहे: सेवेच्या संकेतस्थळावर एमलॅटची जागा दिसते, पण आपल्या घरच्या नकाशावर नाही. इथे एमलॅट चालूच आहे, फक्त उत्तर परत घरी येत नाही. क्लायंटच्या सेटिंगमध्ये निकाल रीडएसबीकडे, सहसा पोर्ट ३०१०४ वर, परत पाठवण्याची ओळ भरा. ते करताना एक पथ्य पाळा: हे निकाल दुसऱ्या सेवेला स्वतःचे ऐकलेले संदेश म्हणून पुढे जाऊ देऊ नका. सर्व्हरने काढलेली अंदाजी जागा पुन्हा सर्व्हरकडे मूळ माहिती म्हणून गेली, तर शेजारच्या सगळ्यांचे निकाल बिघडतात.

ओळच नाही

कमी उंची हे पहिले कारण. ब्रिटनमध्ये लढाऊ विमाने २५० फुटांपर्यंत खाली उडण्याचा सराव करतात. रेडिओ क्षितिजाचा हिशेब सोपा आहे: अँटेनाच्या आणि विमानाच्या मीटरमधल्या उंचींची वर्गमुळे काढा, बेरीज करा आणि तिला ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येते. अँटेना १० मीटरवर आणि विमान १०,००० मीटरवर असेल तर सुमारे ४२५ किलोमीटर. तेच विमान ७५ मीटरवर आले की सुमारे ४९. हा आकडा सपाट जमिनीचा आहे. वेल्समधल्या दऱ्यांत विमान डोंगराआड गेले की पाच किलोमीटरवरूनही ऐकू येत नाही. एमलॅटसाठी तर हाच हिशेब चार रिसीव्हरांना एकाच वेळी जमायला हवा, म्हणून दरीत एमलॅट जवळजवळ अशक्य असते. खांब दोन मीटर उंच करून यात मोठा फरक पडेल, अशी आशा धरू नका. अँटेनाभोवतीच्या भिंती, पत्रे आणि झाडे चुकवता आली तर मात्र ती जरूर चुकवा.

दुसरे कारण फॉर्मेशन. चार विमाने एकत्र उडताना नियंत्रकाच्या पडद्यावर गर्दी होऊ नये म्हणून सहसा म्होरक्याचाच ट्रान्सपॉन्डर चालू असतो. बाकीच्यांचा स्टँडबायवर असतो. चार पाहिली आणि एकच ओळ आली, तर तुमच्या रिसीव्हरने काहीही गमावलेले नाही. फॉर्मेशन फुटून विमाने उतरायला लागली की बाकीच्या ओळी अचानक उगवतात.

तिसरे, ट्रान्सपॉन्डर फक्त जुन्या मोड ए आणि सी मध्ये उत्तर देत असेल. त्या उत्तरात पत्ता नसतो, नुसता चार आकडी कोड किंवा उंची असते. रीडएसबीत ही उत्तरे वाचण्याचा पर्याय आहे, पण तो चालू केला की खोट्या ओळींचा पूर येतो आणि प्रोसेसरवर भार वाढतो. पर्याय बंदच ठेवावा.

मोड ५ हे लष्करी ओळखीचे कूटबद्ध रूप. ते वाचण्यासाठी नाही आणि वाचताही येत नाही. ट्रान्सपॉन्डर पूर्ण बंद असेल तर प्रश्नच मिटला. जे विमान लपण्यासाठी गप्प बसले आहे, त्याच्या मागे लागायचे कारण नाही.

स्क्वॉककडेही लक्ष द्या. ब्रिटनमध्ये ७००१ हा कमी उंचीवरच्या लष्करी विमानांचा सर्वसाधारण कोड आहे. डेटाबेसला पत्ता ओळखता आला नाही, तरी एखाद्या ओळीत ७००१ आणि झपाट्याने बदलणारी उंची दिसली की अंदाज बांधता येतो.

जवळ आले की गायब होते

हा मात्र खरोखर रिसीव्हरचा दोष आहे, आणि तळाजवळ राहणाऱ्यांनाच होतो. विमान ३० किलोमीटरवर छान दिसते, ५ किलोमीटरवर येते आणि नाहीसे होते, पलीकडे गेले की पुन्हा दिसते. इथे सिग्नल कमी पडत नाही, जास्त होतो. डोंगलचे पुढचे टोक दबून जाते आणि संदेशांचे बिट विस्कटतात. लोक यावर अॅम्प्लिफायर लावतात आणि दोष दुप्पट करून घेतात.

ग्राफ्स१०९० या आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उणे ३ डेसिबलपेक्षा ताकदवान संदेशांचे प्रमाण पाहा. ते पाच टक्क्यांच्या वर जात असेल तर गेन, म्हणजे डोंगल सिग्नल किती वाढवतो ते प्रमाण, उतरवा. आरटीएल डोंगलला गेनच्या ठरावीक पायऱ्या असतात: ४९.६, ४८.०, ४४.५, ४३.९, ४३.४, ४२.१, ४०.२, ३८.६, ३७.२, ३६.४, ३३.८ वगैरे. एका वेळी दोन पायऱ्या खाली या, पूर्ण दिवस तसेच राहू द्या आणि मग तुलना करा. तासाभराच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका, कारण वाहतूक दिवसभर सारखी नसते. लांबची विमाने थोडी कमी झाली तरी चालेल. तळाशेजारी जवळचे नीट ऐकू येणे जास्त मोलाचे.

मोबाइल टॉवर जवळ असेल तर ८०० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांनी डोंगल बधिर होतो. १०९० चा फिल्टर अँटेना आणि अॅम्प्लिफायर यांच्या मध्ये लावा. अॅम्प्लिफायरच्या नंतर लावलेला फिल्टर उशिरा पोहोचतो, कारण तोवर अॅम्प्लिफायर दबून गेलेला असतो. तळावरच्या टॅकॅन या दिशादर्शक केंद्राचे स्पंद मात्र ९६२ ते १२१३ मेगाहर्ट्झमध्ये, म्हणजे आपल्याच शेजारात असतात. त्यांतले १०९० च्या अगदी जवळचे कोणताही साधा फिल्टर पूर्ण कापत नाही. लिंक १६ हे लष्करी डेटा जाळेही याच पट्ट्यात चालते, पण त्याच्या ५१ वारंवारता निवडताना १०३० आणि १०९० च्या आसपासची जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे. त्यामुळे त्यावर संशय घेण्यात वेळ घालवू नका.

केबलचा हिशेब दोन ओळींत. आरजी-५८ ही बारीक केबल या वारंवारतेला मीटरमागे साधारण अर्धा डेसिबल खाते, म्हणजे १० मीटरमध्ये अर्ध्याहून जास्त ताकद गेली. टीव्हीची आरजी-६ निम्म्याहूनही कमी खाते आणि स्वस्त आहे. तिचे ७५ ओम इथे अडचण करत नाहीत.

संकेतस्थळावर दिसत नाही

स्वतःच्या टार१०९० वर विमान जागेसह दिसते आणि मोठ्या व्यापारी संकेतस्थळावर नाही, तर ते तिथे गाळले गेले आहे. फ्लाइटअवेअर बरीचशी लष्करी विमाने दाखवत नाही, फ्लाइटरडार२४ काही लपवते. अमेरिकेत लॅड या यादीत मालकाने नाव घातले की सरकारी माहितीस्रोत वापरणाऱ्या सेवा ते विमान दाखवत नाहीत. एडीएसबी एक्स्चेंज, एडीएसबी डॉट एफआय, एडीएसबी डॉट लोल, एअरप्लेन्स डॉट लाइव्ह यांसारख्या सेवा गाळणी न लावण्यासाठी ओळखल्या जातात. फीड एकापेक्षा जास्त ठिकाणी पाठवता येते, त्यात काही बिघडत नाही.

जागा किंवा ओळख चुकीची

विमान धावपट्टीवर उतरते, पण नकाशावर त्याचा माग दोन किलोमीटर बाजूच्या शेतातून जातो. जुन्या उपकरणांत जागा उपग्रहाऐवजी जडत्वीय यंत्रणेकडून येते आणि तासागणिक सरकत जाते. विमानावर क्लिक करून एनआयसी आणि एनएसीपी हे जागेची विश्वासार्हता सांगणारे आकडे पाहा. शून्य असतील तर विमान स्वतःच सांगते आहे की या जागेवर विसंबू नका. पूर्व भूमध्य समुद्र, काळा समुद्र आणि बाल्टिक परिसरात हेच आकडे नागरी विमानांचेही एकदम पडतात. तिथे जीपीएसमध्ये अडथळा आणला जातो, काही वेळा खोटी जागाही भरवली जाते. अनेक विमानांना एकाच वेळी हे झाले तर कारण बाहेरचे, एकालाच झाले तर त्या विमानातले.

एकच पत्ता दोन ठिकाणी उडी मारत असेल, तर दोन विमानांत तोच पत्ता भरला गेलेला असतो. देखभालीनंतर पत्ता चुकीचा राहणे लष्करात घडते. पत्त्याच्या डाव्या बाजूला लाटेसारखी खूण असेल, तर तो खरा २४ बिटांचा पत्ता नाही. अमेरिकेत जमिनीवरची केंद्रे रडारला दिसलेली विमाने अशा रूपात पुन्हा प्रक्षेपित करतात.

आणि देशाच्या झेंड्यावर विसंबू नका. नाटोची ई-३ ही टेहळणी विमाने जर्मनीतल्या गाइलेनकिर्शेनहून उडतात, पण त्यांची नोंदणी लक्झेंबर्गची आहे, म्हणून पत्ता आणि झेंडा तिथलाच दिसतो. यादीत लष्करी खूण नसेल तर टार१०९० चा डेटाबेस जुना झालेला असू शकतो. तो अद्ययावत करा.

भारतात असाल तर

पुण्याचे लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे आणि नागरी विमाने तीच धावपट्टी वापरतात. गोव्याचे दाबोळी हा नौदलाचा आयएनएस हंसा. अशा ठिकाणांजवळ रिसीव्हर लावण्याआधी बिनतारी उपकरणांसंबंधीचे नियम आणि परवानगीचा मुद्दा तपासा. नागरी विमाने पाहण्याचा हौशी प्रयोग वेगळा आणि लष्करी हालचालींची नोंद ठेवून ती पसरवणे वेगळे. दुसरी गोष्ट इथे करू नका. परदेशातही तणावाच्या काळात लष्करी विमानाची ताजी जागा स्वतःहून पसरवणे टाळावे.

मदत मागताना काय द्यावे

‘दिसत नाही’ एवढेच लिहिले तर कोणी नेमके उत्तर देऊ शकत नाही. पुढची माहिती द्या: विमानाचा पत्ता, यूटीसीमध्ये वेळ, ओळीतला स्रोत, सिग्नलची ताकद, उंची येत होती की नाही, त्याच वेळी त्याच दिशेला आणि साधारण त्याच उंचीवर नागरी विमान दिसत होते की नाही. त्याबरोबर डोंगलचा प्रकार, गेन, केबलची लांबी, फिल्टर आणि अॅम्प्लिफायर कोणत्या क्रमाने जोडले आहेत, आणि दुपारी किती शेजाऱ्यांशी एमलॅटचा ताल जुळतो तो आकडा. घराचे अक्षांश-रेखांश उघड लिहू नका, जवळच्या गावाचे नाव पुरते.